घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप : कोणत्या कॉपीवर विसंबावं?

‘सी ड्राइव्हवर काही महत्त्वाचं नाही ना? फॉरमॅट मारावा लागेल.’ कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याचं हे वाक्य ज्यांनी कधी ऐकलं नाही, ते एक तर फार नशीबवान किंवा फार तरुण. विंडोज 98 आणि एक्सपीच्या काळात हा प्रसंग दर वर्षा-दोन वर्षांनी यायचा. त्यातूनच आपल्याकडे एक पद्धत पडली. एकाच हार्ड डिस्कचे दोन-तीन भाग करायचे, विंडोज ‘सी’वर टाकायचं आणि फोटो, गाणी, मुलांची प्रोजेक्टं, ‘पर्सनल’ नावाचं फोल्डर असं सगळं ‘डी’वर ठेवायचं. सी उडाला तरी डी शाबूत. असेंबल केलेल्या कॉम्प्युटरसोबत हे शहाणपण घरोघरी पोचलं आणि अजून टिकून आहे. आज नवा लॅपटॉप घेतानाही ‘पार्टिशन करून द्या’ असं दुकानदाराला बजावणारे काका-मामा भेटतात.

विंडोज पुन्हा टाकण्यापुरतं ते ठीकच होतं. बॅकअप म्हणून मात्र त्याला काही किंमत नाही. सी आणि डी ही एकाच डिस्कला दिलेली दोन नावं आहेत. डिस्क गेली की दोन्ही एकदम जातात. लॅपटॉप चोरीला गेला किंवा त्यावर चहाचा कप उपडा झाला, तरी तेच.

दुसरा एक आधार होता, तोही आता सुटत चालला आहे. जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरून फाइल डिलीट झाली तरी ती खरं तर तिथेच पडून असायची. त्या जागेवर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत रिकव्हरीचं सॉफ्टवेअर ती बऱ्याचदा परत काढून द्यायचं. ‘डेटा निघेल ना?’ असं विचारलं की लॅमिंग्टन रोडवरचा माणूस ‘बघू’ म्हणायचा, आणि त्या ‘बघू’त खरोखर काही दम असायचा. एसएसडीचं तसं नाही. फाइल डिलीट होताच विंडोज डिस्कला ‘ट्रिम’ नावाचा आदेश पाठवतं आणि डिस्क त्या जागा सवडीने कायमच्या पुसून टाकते. मग कितीही महागडं सॉफ्टवेअर आणा, हाती काही लागत नाही. त्यात भर म्हणजे विंडोज 11 च्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एनक्रिप्ट होते. उद्या मदरबोर्ड जळाला आणि डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, तर ती 48 आकड्यांची रिकव्हरी की मागते. ही की त्या अकाउंटमध्ये साठवलेली असते. आता ते अकाउंट दुकानातल्या मुलाने सेटअप करताना कोणत्या ईमेलवर उघडलं होतं, हे घरात कुणाला आठवतं? बॅकअप न घेणाऱ्यांना पूर्वी आणखी एक संधी मिळायची. ती आता जवळपास संपली आहे, म्हणून हा विषय पुन्हा नीट पाहायला हवा.

बॅकअपच्या पद्धतींची तुलना बहुधा चुकीच्या टोकाकडून सुरू होते : किती टीबी, किती रुपये, कोणती कंपनी. आधी विचारायला हवं की फाइल जाते कशी. ढोबळमानाने पाच वाटा आहेत. आपल्याच हाताने ती डिलीट होते, किंवा चांगल्या फाइलवर भलतीच फाइल सेव्ह होते. डिस्क मरते. व्हायरस फाइल्सना कुलूप लावतो. घरावरच संकट येतं, म्हणजे चोरी, पाणी, शॉर्टसर्किट. आणि पाचवी वाट, जिचा विचार कमी होतो : ज्या कंपनीकडे फाइल्स ठेवल्या, तिथलं दारच आपल्यासाठी बंद होतं. प्रत्येक पद्धत यांतल्या दोन-तीन वाटा अडवते आणि उरलेल्या उघड्या टाकते. पाचही अडवणारी पद्धत बाजारात नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

डिस्क मरण्याबद्दल निदान आकडे उपलब्ध आहेत. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी लाखो हार्ड डिस्क चालवते आणि 2013 पासून त्यांच्या मरणाचा हिशोब उघडपणे प्रसिद्ध करते. 2023 मध्ये त्यांच्या डिस्क बंद पडण्याचं वार्षिक प्रमाण 1.40 टक्के होतं, 2024 मध्ये 1.57 टक्के. म्हणजे शंभरातल्या एक-दोन. हे थंड हवेत, स्थिर विजेवर, जागेवरून न हलणाऱ्या डिस्कचं झालं. आपल्या घरची पोर्टेबल डिस्क पाठीवरच्या सॅकमधून हिंडते, टेबलावरून पडते आणि लाइट गेली की लिहिता लिहिता बंद होते. आधी काही लक्षण दिसेल, या भरवशावरही राहू नये. गूगलच्या अभियंत्यांनी 2007 मध्ये आपल्या लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी स्वतःच्या तब्येतीच्या नोंदींत धोक्याची म्हणून ओळखली जाणारी मुख्य लक्षणं दाखवलीच नव्हती. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या सॉफ्टवेअरने लाल किंवा पिवळा रंग दाखवला तर लगेच ऐकावं. निळा दाखवला म्हणून निर्धास्त मात्र होऊ नये.

खरी अडचण यापुढे आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रश्नाची गाठ तिथेच आहे. माणूस विसरतो. म्हणून बॅकअप आपोआप व्हायला हवा, म्हणजे डिस्क कॉम्प्युटरला कायम जोडलेली हवी. पण कायम जोडलेली डिस्क व्हायरसलाही कायम जोडलेली असते. 2017 च्या मे महिन्यातला वॉनाक्राय बातम्यांमुळे सर्वांना माहीत झाला. दीडशेच्या आसपास देशांत त्याने धुमाकूळ घातला. घरगुती कॉम्प्युटरला जास्त भोवलं ते ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ नावाचं रॅन्समवेअर कुटुंब. ते मुख्यतः क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून, ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ आणि ‘कीजेन’मधून आलं. फोटोशॉप फुकटात हवं म्हणून डाउनलोड केलेली फाइल चालवायची, तिने सांगितलं म्हणून अँटिव्हायरसही बंद करायचा, आणि थोड्या वेळाने प्रत्येक फोटोच्या नावापुढे भलतंच शेपूट दिसायचं. सोबत एक चिठ्ठी : 980 डॉलर द्या, 72 तासांत दिले तर 490. एम्सिसॉफ्ट या कंपनीने 2019 च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या जुन्या प्रकारांसाठी मोफत कुलूपतोड सॉफ्टवेअर आणलं, पण नंतरच्या बहुतेक प्रकारांना ते लागू पडत नाही. असला व्हायरस सी, डी, ई असं करत समोर दिसेल त्या प्रत्येक ड्राइव्हवर जातो. बॅकअपची डिस्क ‘एफ’ म्हणून जोडलेली असली तर तीही त्याच रांगेत. विंडोज स्वतः फाइल्सच्या ज्या जुन्या प्रती राखून ठेवतं, त्या तर बहुतेक रॅन्समवेअर आधीच पुसून टाकतात.

उलट बाजूने पाहा. डिस्क काढून कपाटात ठेवली की व्हायरस तिथे पोचत नाही. पण मग ती महिन्यातून एकदा काढून जोडणं आपल्यावर येतं, आणि ते आपण करत नाही. कपाटातल्या डिस्कवरचा शेवटचा बॅकअप तीन वर्षांपूर्वीचा निघतो. विसरभोळेपणावरचा उपाय व्हायरसपुढे उघडा पडतो आणि व्हायरसवरचा उपाय विसरभोळेपणापुढे. म्हणून एक चांगली पद्धत निवडू, असं म्हणण्यात अर्थ नाही. विरुद्ध स्वभावाच्या दोन पद्धती निवडाव्या लागतात, आणि पुढचा आढावा त्याच नजरेने घेतला आहे.

एक्स्टर्नल हार्ड डिस्क हा आजही सर्वांत स्वस्त आणि समजायला सोपा मार्ग. घरासाठी फिरती पोर्टेबल डिस्क पुरेशी आहे. एसएसडीचा वेग बॅकअपला फारसा लागत नाही, आणि वीज न मिळता कपाटात पडून राहण्यासाठी एसएसडी बनलेली नाही. ती विजेच्या भारावर माहिती धरते आणि तो भार वर्षानुवर्षांत ओसरू शकतो. पोर्टेबल डिस्क घेताना दोन बारीक गोष्टी बघाव्यात. काही मॉडेल्समध्ये यूएसबीचं पोर्ट थेट डिस्कच्या सर्किटवरच बसवलेलं असतं. ते सैल झालं की डिस्क खोक्यातून काढून दुसऱ्या केबलला जोडता येत नाही. म्हणून केबल ओढूनताणून काढायची नाही. दुसरं, डिस्क कोणत्या पोर्टला जोडतो ते. यूएसबी 3 वर सेकंदाला 100 एमबीच्या आसपास वेग मिळाला तर 500 जीबी दीड तासाच्या आत उतरतात. जुन्या यूएसबी 2 वर त्यालाच चार तास लागतात. त्यातही हजारो छोट्या फाइल्स असतील तर दोन्ही हिशोब कोलमडतात. टॉवरच्या पुढच्या बाजूचं काळं पोर्ट बहुधा यूएसबी 2 चं असतं, निळं 3 चं.

डिस्क घेतली, आता तिच्यावर फाइल्स नेणार कशा? बहुतेक घरांत कॉपी-पेस्टने. त्याचा शेवट सर्वांच्या ओळखीचा आहे. डिस्कवर ‘फोटो’, ‘फोटो न्यू’, ‘फोटो न्यू 2’, ‘मोबाइल बॅकअप’, ‘ऑल डेटा’ आणि ‘ऑल डेटा फायनल’ अशी फोल्डरं जमतात. त्यांत तेच लग्न चार वेळा असतं आणि बारसं एकदाही नसतं. जागा भरली की काय डिलीट करावं ते कळत नाही. आणि कॉपी-पेस्टच्या जागी चुकून कट-पेस्ट झालं तर डिस्कवरची प्रत हीच एकमेव प्रत होऊन बसते. एक्स्टर्नल डिस्कवर आहे म्हणजे बॅकअप आहे, हा समज इथूनच येतो. लॅपटॉपमध्ये जागा करायला फोटो तिकडे हलवले, तर ते फक्त घर बदलतात. प्रत एकच राहते.

म्हणून हे काम सॉफ्टवेअरवर सोपवावं. मॅकवाल्यांची यातून सुटका 2007 मध्ये झाली. टाइम मशीन तेव्हापासून मॅकसोबतच येतं. डिस्क जोडली की मागच्या 24 तासांची दर तासाची, महिन्याभराची रोजची आणि त्याआधीची आठवड्याची स्थिती ते राखतं, आणि जागा संपली की सर्वांत जुनी प्रत काढतं. इतक्या कमी कटकटीचं दुसरं काही मला घरगुती वापरासाठी माहीत नाही. विंडोजमध्ये विंडोज 8 पासून फाइल हिस्टरी आहे. ते दर तासाला बदललेल्या फाइल्सची नवी प्रत ठेवतं आणि जुन्याही जपतं. विंडोज 11 मध्ये ते कंट्रोल पॅनेलच्या कोपऱ्यात ढकललं गेलंय, पण चालतं. फक्त त्यात एक सापळा आहे, आणि तो नेमका आपल्या सवयीवर लावलेला आहे. फाइल हिस्टरी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असली ठरावीक फोल्डरंच पाहतं. डी ड्राइव्हवरचं ‘पर्सनल’ फोल्डर त्याच्या गावीही नसतं. ते आपण होऊन लायब्ररीत घालावं लागतं. म्हणजे वीस वर्षं शिस्तीने सगळं डीवर ठेवणाऱ्या माणसाने फाइल हिस्टरी सुरू केलं, तर त्याच्या रिकाम्या डॉक्युमेंट्स फोल्डरचा बॅकअप इमानेइतबारे दर तासाला होत राहील.

थोडं हात घालणाऱ्यांसाठी फ्रीफाइलसिंक हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं आहे, आणि विंडोजमध्ये मुळातच रोबोकॉपी आहे. दोन्हींत ‘मिरर’ नावाचा प्रकार आहे, तो समजून वापरावा. मिरर म्हणजे मूळ फोल्डर जसं आहे हुबेहूब तसं पलीकडे करणं. इकडे जे नाही ते तिकडूनही जातं. मंगळवारी चुकून फोल्डर डिलीट झालं आणि बुधवारी मिरर चालला, की बॅकअपमधूनही ते गेलं. रोबोकॉपीत उगम आणि मुक्काम यांची अदलाबदल झाली, तर रिकाम्या डिस्कची नक्कल कॉम्प्युटरवर होते. फ्रीफाइलसिंकमध्ये पुसल्या जाणाऱ्या फाइल्स वेगळ्या फोल्डरात तारखेसह ठेवण्याची सोय आहे. ती सुरू केल्याशिवाय मिररला हात लावू नये. ज्या पद्धतीत जुनी आवृत्ती मागे जाऊन काढता येत नाही, ती डिस्क मरण्यावर उपयोगी आहे. आपल्या चुकीवर नाही आणि व्हायरसवरही नाही.

विंडोजसह पूर्ण कॉम्प्युटर जसाच्या तसा परत हवा असेल तर इमेज घेणारं सॉफ्टवेअर लागतं. इथे वीम कंपनीच्या विंडोजसाठीच्या मोफत एजंटचा मी खास उल्लेख करीन, तो त्यातल्या दोन छोट्या सोयींसाठी. डिस्क जोडली की बॅकअप आपोआप सुरू व्हावा असं त्यात ठरवता येतं, आणि काम संपताच डिस्क इजेक्ट व्हावी असंही. मघाशी जी गाठ सांगितली ती इथे बरीचशी सैल होते. माणसाने फक्त केबल लावायची आणि नंतर काढायची. काढायला विसरला तरी डिस्क विंडोजपासून सुटलेली असते. लिनक्सवाल्यांना मी काय सांगावं? रेस्टिक की बोर्ग यावर त्यांचा वाद चालू असतो, आणि दोन्ही उत्तम आहेत.

आता क्लाउड. इथे सर्वांत मोठा घोटाळा शब्दांच्या वापराचा नाही, कंपन्यांनी केलेल्या मांडणीचा आहे. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, आयक्लाउड, ड्रॉपबॉक्स यांचं मूळ काम सिंक. म्हणजे लॅपटॉप, फोन आणि सर्व्हर तिन्हीकडे एकच चित्र ठेवायचं. लॅपटॉपवर फाइल डिलीट केली की ती तिन्हीकडून जाते. हे त्याचं कामच आहे. ट्रॅशमध्ये ती साधारण 30 दिवस राहते. महिन्याभरात चूक लक्षात आली तर ठीक. पण 2019 च्या सहलीचे फोटो गेल्याचं आपल्या लक्षात येतं ते पुढच्या सहलीच्या वेळी. गूगल फोटोजमध्ये ‘फ्री अप स्पेस’ केल्यावर फोनवरची प्रत जाते आणि क्लाउडवरची एकटीच उरते. पुढे जागा भरल्याची सूचना आली म्हणून क्लाउडवरून जुने फोटो साफ केले, की विषय संपला.

वनड्राइव्हबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण नव्या विंडोजमध्ये ते न विचारल्यासारखं गळ्यात पडतं. ‘बॅकअप युअर फोल्डर्स’ला होकार दिला की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डरं वनड्राइव्हच्या फोल्डरात हलवली जातात. फुकट जागा 5 जीबी. लग्नाच्या एका अल्बमने ती भरते आणि मग पैसे भरा असा धोशा सुरू. वैतागून ते बंद केलं की डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि घरात रडारड होते. फाइल्स वनड्राइव्हच्या फोल्डरात असतात, पण ते शोधायचं डोकं त्या क्षणी शांत नसतं. शिवाय जागा वाचवण्यासाठी काही फाइल्स नुसत्या नावापुरत्या कॉम्प्युटरवर राहतात, आयकॉनशेजारी छोट्या ढगाचं चिन्ह असतं. फाइल क्लिक केली तरच ती खाली उतरते. फाइल हिस्टरी अशा ढगवाल्या फाइल्सचा बॅकअप घेत नाही. म्हणजे डिस्कवर बॅकअप आहे असं वाटतं आणि त्यात त्या फाइल्स नसतातच.

तरीही सिंकला मी निकालात काढणार नाही. डिस्क मरणं आणि घरावरचं संकट, म्हणजे लॅपटॉप चोरीला जाणं किंवा घरात पाणी शिरणं, या दोन वाटा ते आपोआप अडवतं, आणि घरात कुणालाही काही लक्षात ठेवावं लागत नाही. कागदपत्रांचे स्कॅन, सातबारा, मार्कलिस्टा, मुलांचे निवडक फोटो एवढा ऐवज गूगलच्या फुकट 15 जीबीतही मावतो. मात्र त्याच 15 जीबीत जीमेल आणि फोटोही बसतात, आणि अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो.

खरा क्लाउड बॅकअप ही वेगळी चीज आहे. बॅकब्लेझसारख्या सेवा कॉम्प्युटरवरचं जवळपास सगळं गुपचूप वर चढवत राहतात आणि जुन्या आवृत्त्या ठरावीक मुदतीपर्यंत ठेवतात. व्हायरसने फाइल्सना कुलूप लावलं तर त्या कुलूपबंद फाइल्सही वर जातात, पण त्याआधीच्या दिवसाची प्रत तिथे शिल्लक असते. आपोआप होणारी आणि तरीही व्हायरसच्या हाताबाहेरची अशी ही एकच जागा, म्हणून पैसे मोजण्यासारखी. पहिल्या वेळी धीर लागतो. अपलोडचा वेग 40 एमबीपीएस असेल, तर 300 जीबी चढायला न थांबता सुमारे 17 तास लागतात. फायबर आल्यापासून हे दोन-तीन रात्रींत उरकतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मात्र करायला जाऊ नये.

पाचवी वाट इथेच उघडते. क्रॅशप्लॅन ही घरगुती बॅकअपची नावाजलेली सेवा होती. 2017 च्या ऑगस्टमध्ये कंपनीने घरगुती ग्राहक सोडत असल्याचं जाहीर केलं आणि 2018 च्या ऑक्टोबरमध्ये ती सेवा संपली. ग्राहकांना मुदत मिळाली, हे त्यातल्या त्यात चांगलं. मायस्पेसने 2019 मध्ये कबूल केलं की 2015 पर्यंत लोकांनी चढवलेली गाणी सर्व्हर हलवताना गेली. 10 मार्च 2021 ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत जळून खाक झाली, आणि ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांच्यापैकी काहींना काहीच परत मिळालं नाही. गूगल दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक अकाउंट काढून टाकू शकतं. 2023 च्या डिसेंबरपासून हा नियम अमलात आहे. बाबांच्या नावाने उघडलेल्या ज्या अकाउंटवर जुने फोटो आहेत, तिथे अधूनमधून लॉगिन करून यावं.

उरलेल्या पर्यायांना फार वेळ देत नाही. पेन ड्राइव्ह फाइल इकडून तिकडे नेण्यासाठी असतो. स्वस्तात मिळणारे दोन टीबीचे पेन ड्राइव्ह तर सरळ खोटे असतात. आत 32 जीबीची चिप आणि वर दोन टीबीचा आकडा. फाइल्स चढताना दिसतात, उघडत नाहीत. घरी लिहिलेल्या सीडी-डीव्हीडींचा रंगाचा थर काळानुसार खराब होतो. एम-डिस्क प्रकारची तबकडी टिकाऊ आहे, पण ती वाचणारा ड्राइव्ह आता लॅपटॉपमध्ये कुठे आहे? नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कवरची साठवण पेटी. चार जणांच्या घरात, छायाचित्रकाराकडे ती सोयीची आहे, पण तिच्यातल्या दोन डिस्कवर एकच गोष्ट लिहिली जाते म्हणून तिला बॅकअप समजू नये. एका डिस्कवर डिलीट केलेलं दुसऱ्या डिस्कवरूनही त्याच क्षणी जातं. इंटरनेटला उघडी ठेवली तर धोका वेगळाच. 2021 च्या जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ पेट्या जगभर बाहेरून रीसेट होऊन रिकाम्या झाल्या. त्यांना शेवटचं अपडेट 2015 मध्ये मिळालं होतं. 2022 च्या जानेवारीत क्यूनॅपच्या पेट्यांवर डेडबोल्ट रॅन्समवेअर आलं आणि प्रत्येकाकडे 0.03 बिटकॉइन मागू लागलं.

घराबाहेर एक प्रत हवी, हे आपल्याकडे पटवून द्यायला फार शब्द लागू नयेत. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर, 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं. तळमजल्यावरच्या घरात कॉम्प्युटर टेबलावर आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये असेल, तर पाणी आधी बॅकअपला गाठतं. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग याने फोटोंच्या साठवणीवर लिहिताना 3-2-1 हा हिशोब रूढ केला : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. अजून त्यावर मात करणारं काही निघालेलं नाही. घराबाहेरची प्रत क्लाउडवर चालते किंवा दोन डिस्क घेऊन एक भावाकडे ठेवता येते. गणपतीला आणि दिवाळीला एरवीही जाणं होतंच. नवी डिस्क द्यायची, जुनी घेऊन यायची. त्याच्याकडे डिस्क जाणार म्हणजे तिला पासवर्ड हवा. विंडोजच्या होम आवृत्तीत बिटलॉकर या एनक्रिप्शनच्या सोयीने एक्स्टर्नल डिस्कला कुलूप घालता येत नाही, फक्त उघडता येतं. त्यासाठी व्हेराक्रिप्ट हे मोफत साधन आहे. मॅकवर टाइम मशीन स्वतःच ते विचारतं.

मराठी घरांत एक वेगळाच तोटा होतो, तो प्रत शाबूत असतानाही. श्रीलिपी, आकृती यांच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली हजारो पानं लोकांकडे आहेत : कथा, सोसायटीची इतिवृत्तं, वंशावळी, पत्रिका, आईच्या पाककृती. हे फॉन्ट युनिकोडच्या आधीचे. मराठी अक्षरांच्या जागी आत इंग्रजी आणि इतर चिन्हांचे संकेत असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फाइल राहिली आणि फॉन्ट गेला, तर समोर येतात नुसती वेडीवाकडी चिन्हं. पेजमेकरच्या फाइलींचं दुखणं तर दुहेरी. पेजमेकर 7 आलं 2001 मध्ये आणि त्यापुढची आवृत्ती आलीच नाही. अशा कामाचा बॅकअप म्हणजे मूळ फाइल, फॉन्टची फाइल, आणि आजच काढून ठेवलेली पीडीएफ व युनिकोडमध्ये बदललेला मजकूर. हे काम जुना कॉम्प्युटर सुरू आहे तोवरच होतं. सर्वांच्या नजरेतून सुटणाऱ्या इतर गोष्टी म्हणजे आउटलुकची पीएसटी फाइल, टॅलीचा डेटा असलेलं फोल्डर आणि ब्राउझरमधले पासवर्ड. या तिन्ही गोष्टी डॉक्युमेंट्सच्या बाहेर असू शकतात.

आता तपासणी. गिटलॅब ही सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी. 31 जानेवारी 2017 ला त्यांच्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डिलीटचा आदेश दिला आणि थांबवेपर्यंत सुमारे 300 जीबीचा डेटाबेस जवळजवळ संपला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. एकही धड चालत नव्हती. रोजचा बॅकअप आवृत्तीच्या घोळामुळे कधीपासून फसत होता आणि तो फसल्याच्या ईमेल पलीकडून नाकारल्या जात होत्या, म्हणून कुणाला कळलंच नव्हतं. योगायोगाने सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत हाताशी होती, तिच्यावर निभावलं. घरात याचं रूप म्हणजे विंडोजच्या उजव्या कोपऱ्यात येणारी ‘रीकनेक्ट युअर ड्राइव्ह’ ही सूचना. ती आपण इतर सूचनांसोबत झटकून टाकतो.

फोल्डर दिसतंय म्हणजे तपासणी झाली असं नाही. एखाद्या रविवारी डिस्क शक्यतो दुसऱ्याच कॉम्प्युटरला जोडावी. पाच फाइल्स निवडाव्यात : एक सर्वांत जुना फोटो, एक मोठा व्हिडिओ, एक एक्सेल, एक मराठी वर्ड फाइल, आणि मागच्या आठवड्यात बदललेली एखादी. त्या डिस्कवरून नव्या फोल्डरात काढून उघडाव्यात. व्हिडिओ मध्यापर्यंत ओढून पाहावा, नुसत्या पहिल्या सेकंदावर विश्वास ठेवू नये. त्याच एक्सेलची महिन्यापूर्वीची आवृत्ती काढता येते का, तेही पाहावं. क्लाउडवर असेल तर ब्राउझरमधून, अनोळखी मशीनवरून लॉगिन करून पाहावं. ओटीपी ज्या फोनवर येतो तो फोनच हरवला तर काय, हा प्रश्न तेव्हाच सुचतो.

मला कुणी नेमकं काय घेऊ असं विचारलं, तर घर बघून सांगेन. फक्त फोन आणि एक लॅपटॉप, कामाच्या फाइल्स थोड्या, अशा घराला सिंकवाला क्लाउड, शक्य असेल तर पैसे भरून, आणि वर्षातून तीन-चारदा एक एक्स्टर्नल डिस्क. ज्याचं लिखाण, हिशोब किंवा फोटो हेच काम आहे, त्याने आवृत्त्या राखणारा खरा क्लाउड बॅकअप घ्यावा आणि सोबत जोडताच चालणारी, संपताच सुटणारी डिस्क ठेवावी. इंटरनेट रडतखडत चालणाऱ्या गावात दोन डिस्कची अदलाबदल. मॅक असेल तर टाइम मशीन आजच सुरू करावं. डी ड्राइव्ह ज्यांना सोडवत नाही त्यांनी तो ठेवावा, फक्त बॅकअपच्या यादीत त्याचं नाव आहे ना ते बघावं.

आणि हे सगळं घरात एकाच माणसाला माहीत असू नये. बिटलॉकरची रिकव्हरी की, व्हेराक्रिप्टचा पासवर्ड, क्लाउडचं अकाउंट कोणत्या ईमेलवर आहे आणि दुसरी डिस्क कुणाकडे ठेवली आहे, हे हाताने कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत लावावं. गूगलमध्ये ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सोय आहे. 3 ते 18 महिन्यांपैकी मुदत निवडायची. तितका काळ अकाउंट वापरलं गेलं नाही, तर आपण ठरवलेल्या माणसांना, जास्तीत जास्त दहा, त्यातली माहिती उतरवून घेता येते. दहा मिनिटांचं काम आहे, आणि ते आईवडिलांच्या अकाउंटवर त्यांच्या शेजारी बसून करायचं आहे.